दिनक्रम : बैठा

विजयमालेला राग आला की तिचा आवाज चढत नसे, हात चालत. त्या गुरुवारी बारामतीच्या दवाखान्यातून परत आल्यावर तिने सकाळी घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा मोरीत ओढली. पातेली, कळशी, दुधाच्या दोन बादल्या, सगळी. बाहेर ओट्यावर सर्जेराव चहाची वाट बघत बसला होता. भांड्यांचा आवाज ऐकून त्याने ओळखले की चहा आता लवकर मिळत नाही. एकतीस वर्षांच्या संसारात एवढे तो शिकला होता. कशामुळे, हे विचारायला मात्र तो आत गेला नाही.

कारण एका कागदावर होते. गेले दोन महिने विजयमालेला थकवा जाणवत होता, तळपायांची आग होत होती. म्हणून सर्जेरावाने तिला वडगाव निंबाळकरहून मोटारसायकलवर बारामतीला नेले होते. रक्त तपासले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड होत्या. त्या म्हणाल्या, साखर काठावर आहे, गोळी आत्ताच नको. पुढच्या गुरुवारी उपाशीपोटी रक्त देऊन जा. तोवर गोड कमी करा आणि मुख्य म्हणजे व्यायाम सुरू करा.

"रोज अर्धा तास. तुमच्या अंगाला हालचालच नाहीये ना," असे त्या समोरच्या कागदावर बघत म्हणाल्या होत्या.

विजयमालेला तेव्हा काही बोलता आले नाही. खुर्ची नवी, खोली थंड, आणि बाहेर वीस माणसे खोळंबलेली. परतीच्या वाटेवर सर्जेराव पेट्रोल भरायला थांबला, तेव्हा तिने पिशवीतून फाइल काढली. सातवीपर्यंत शिकलेली बाई. छापील मराठी तिला चांगले वाचता येई. पहिल्याच पानावर तिचे नाव होते, वय बावन्न होते. त्याखाली लिहिले होते : व्यवसाय : काही नाही. दिनक्रम : बैठा.

तिने ते दोनदा वाचले.

"अवो, ह्यांनी काय लिवलंय बघा. व्यवसाय काय न्हाय. दिनक्रम बैठा."

सर्जेरावाने खिशातला चष्मा न काढताच कागदाकडे नजर टाकली, आणि फाइल घाईने मिटून पिशवीत कोंबली.

"लिवू दे की. त्यांचा कागुद, त्यांची शाई. तुला काय त्यो दाखवून कुठं नोकरीला लागायचंय?"

"पण मी बसून असते?"

"बस गाडीवर. ऊन वाढाय लागलंय."

ती बसली. आणि आता भांडी घासता घासता तिच्या डोक्यात तिचा सगळा दिवस चालला होता. साडेचारला उठायचे. चार गाईंचे शेण काढायचे, गोठा धुवायचा, कडबाकुट्टीवर वैरण कापायची, चारही गाईंच्या धारा काढायच्या, कॅन गाडीवर चढवून द्यायचा. स्वयंपाक, धुणे. आठ वाजता खुरपे घेऊन रानात. बाराला भाकरी खाऊन पुन्हा रानात. पाचला उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन घरी, पुन्हा शेण, पुन्हा वैरण, पुन्हा धारा. बसणे म्हणावे तर ती बसायची गाईच्या कासेखाली, उकिडवी, गुडघ्यांत बादली धरून. बहुतेक डॉक्टरीणबाईंनी तेच बसणे धरले असावे.

हा विचार मनात आला आणि तिने कळशी अशी आपटली, की सर्जेराव ओट्यावरून उठला आणि चहा प्यायला चौकात गेला.

तिने ठरवले. पुढच्या गुरुवारी हा कागद डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात टाकायचा आणि ती ओळ खोडून घ्यायची. साखर वाढो नाहीतर उतरो, ती ओळ फाइलमध्ये राहता कामा नये. आणि तोवर हा व्यायाम म्हणतात तो काय असतो, तेही एकदा बघून घ्यायचे.

बघण्याची सोय गावातच झाली होती. बचत गटाच्या बायकांसाठी महिनाभर दर रविवारी आणि मंगळवारी व्यायामवर्ग ठरला होता, आणि रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर तो सुरू व्हायचा होता. गटातल्या अकरा बायकांनी नावे दिली. ह्या अकरा जणी म्हणजे विजयमालेच्या वारंगुळ्याच्याच बायका. वारंगुळा म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात खुरपायचे, उद्या माझ्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, कामाची फेड कामाने करायची.

खुरपायचीही एक रीत होती. रानाच्या एका टोकाला अकराही जणींनी ओळीने बसायचे, प्रत्येकीने आपापली पात धरायची, म्हणजे आपल्यापुढचा हातभर रुंदीचा पट्टा, आणि खुरपत खुरपत समोरच्या बांधापर्यंत जायचे. बांध येईपर्यंत उठायचे नाही. कंबर मोडली, पायाला मुंग्या आल्या, तरी नाही. मध्येच उठली तिची पात मागे पडते, शेजारणीला ती ओढावी लागते, आणि मग वर्षभर तिला ते ऐकून घ्यावे लागते. पहिली पात विजयमालेची. वीस वर्षे ती दुसऱ्या कुणी धरली नव्हती. तिची चाल तीच सगळ्यांची चाल. ती बांधाला लागून उभी राहिली की बाकीच्यांनी कंबर सरळ करायची.

रविवारी पाच वाजता राजनंदिनी नावाची शिकवणारी मुलगी स्कूटीवरून आली. मूळची इंदापूरची, बारामतीत एका व्यायामशाळेत शिकवायची. चोवीस वर्षांची, अंगाने काटक, केस घट्ट बांधलेले. तिने अकराही बायकांना ओळीत उभे केले. बायका सवयीने आपापल्या पातीच्या जागी उभ्या राहिल्या. उजवीकडे पहिली विजयमाला, तिच्या शेजारी चंद्राबाई.

"सगळ्यांनी आपल्या अंगाप्रमाणं करायचं," राजनंदिनीने सांगितले. "दहा झाले की थांबा, पाणी प्या. झेपलं तर पुढं करा. त्रास वाटला की लगेच थांबायचं. आणि कुणी कुणाकडं बघायचं नाही."

ह्यातली शेवटची गोष्ट त्या अकरा जणींना जन्मात जमली नसती.

पहिला व्यायाम उठाबशांसारखा, पण पूर्ण खाली बसायचे नाही. पाय फाकवून, हात पुढे धरून सावकाश खाली यायचे आणि अर्ध्यातच थांबायचे. तीन मोजायचे. मग वर.

"मॅडम, बसायचं तर पुरतं बसावं, न्हायतर उभं ऱ्हावं," चंद्राबाई म्हणाली. "हे मधीच लटकायचं म्हंजे परसाकडं बसल्यावर कुणी माणूस आल्यागत झालं."

बायका खुसखुसल्या. राजनंदिनीलाही हसू आवरेना. विजयमाला हसली नाही. ती अर्ध्यात थांबली होती आणि समोरच्या शाळेच्या भिंतीकडे बघत होती. हालचाल नाही म्हणे. खाली, तीन, वर. बैठा म्हणे. खाली, तीन, वर.

दहा झाले. राजनंदिनी म्हणाली, थांबायचं असेल त्यांनी थांबा. कुणी थांबले नाही, कारण विजयमाला थांबली नव्हती. वीसला राजनंदिनीने तेच पुन्हा सांगितले. तीस झाले. बायकांच्या कपाळावरून घाम निथळू लागला, चंद्राबाईच्या मांड्या लटपटत होत्या. तिने एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून विजयमालेकडे पाहिले. विजयमालेचेही पाय कापत होते. पण ती बांध आल्याशिवाय उठणारी बाई, आणि शाळेच्या मैदानाला बांध नव्हता.

राजनंदिनीला वाटले, रानात राबणाऱ्या बायका आहेत, ह्यांना हे काहीच नाही. तिला कौतुक वाटले, तिने हुरूप दिला. ती पुढे करत राहिली म्हणून विजयमाला करत राहिली, आणि विजयमाला करत राहिली म्हणून सगळ्या. पन्नास झाले. मग एक पाय पुढे टाकून खाली जायचा दुसरा प्रकार. मग पुन्हा पहिला. आकडा शंभराच्या पुढे गेला तेव्हा राजनंदिनीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बास, काकी. मीच दमले."

अकराही जणी एकदम सरळ झाल्या आणि हसल्या. शिकवणारीलाच दमवले म्हणून त्यांना भारी वाटत होते. पाणी पिताना विजयमाला चंद्राबाईला म्हणाली, "आता लिव म्हणावं बैठा."

"कोण लिवतंय?"

"हाय एक जण," विजयमाला म्हणाली.

सोमवारी साडेचारला ती उठायला गेली आणि तिला वाटले, कुणीतरी आपल्या मांड्या आतून पिळून, गाठ मारून ठेवल्या आहेत. भिंतीला धरून ती उभी राहिली. ओट्याला दोन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवरून पाऊल खाली टाकले तर गुडघा धरेना. शेवटी ती पाठमोरी झाली, आणि लहान मूल उतरते तशी चौकटीला धरून उतरली. शेण कसेबसे काढले. खरी परीक्षा धारेची होती. बादली घेऊन ती गाईजवळ गेली, अर्धी वाकली, आणि जिथे काल तीन मोजले होते नेमकी तिथेच अडकली. खालीही जाता येईना, वरही येता येईना. गाय मान वळवून बघत राहिली. मग दावणीचा खुंटा धरून तिने स्वतःला खाली सोडून दिले. चार गाई झाल्या, चार वेळा बसणे झाले, चार वेळा उठणे झाले. प्रत्येक उठण्याला तिने दात आवळले, कारण आत सर्जेराव झोपला होता आणि त्याला आवाज जायला नको होता.

दुखण्याचे तिला काही वाटत नव्हते. उसाच्या पात्याने चिरलेले हात, गाईने तुडवलेला अंगठा, दोन बाळंतपणे. दुखणे तिला नवे नव्हते. राग वेगळ्याच गोष्टीचा होता. अर्ध्या तासाच्या व्यायामाने पाय धरले, असे लोकांना कळले तर लोक काय म्हणणार? हेच, की अंगाला सवय नव्हती. म्हणजे तो कागद खरा. चाळीस वर्षे राबलेले पाय एका संध्याकाळपायी तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहिले होते. तिला आपल्याच पायांचा संताप आला.

आठ वाजता चंद्राबाईच्या कांद्याच्या रानात खुरपण होती. विजयमाला नेहमीपेक्षा लवकर निघाली, कारण तिला चालायला दुप्पट वेळ लागणार होता. बांधावर पोचली तर दहाही जणी येऊन उभ्या. कुणी बसले नव्हते. हातात खुरपी, नजर रानाकडे, आणि पहिली कोण बसते याची सगळ्या वाट बघत होत्या.

"का गं, उभ्या का?" विजयमालेने विचारले.

"तुझीच वाट बघत हुतो," चंद्राबाई म्हणाली. "धर की पात."

"तुझं रान हाय. आज तू धर."

"वीस वर्सात न्हाय आन् आज मी कशी धरू?"

मग एकीला हसू फुटले, आणि हसता हसता ती मांडी धरून "आई गं" म्हणाली. मग लपवण्यात अर्थ राहिला नाही. अकराही जणींचे पाय धरले होते. एकीने सांगितले की ती पहाटे परसाकडे बसली आणि उठता येईना म्हणून सासूला हाक मारावी लागली. चंद्राबाई सरळ जमिनीवर आडवी झाली, कुशीवर वळली, आणि हाताच्या जोरावर बसती झाली. तिचे बघून सगळ्या तशाच बसल्या. उकिडवे कुणालाच बसवेना. पाय लांब करून, सरकत सरकत खुरपण सुरू झाली. बारापर्यंत जिथे दोन पाती बांधाला लागायच्या, तिथे एक अर्ध्यावर आली.

आणि नेमका त्याच वेळी सर्जेराव उसाला पाणी धरून परत चालला होता. बांधावर थांबून त्याने ते दृश्य पाहिले. अकरा बायका, पाय पसरून, पोरांनी मातीत खेळावे तशा.

"काय ही दशा म्हणायची?"

चंद्राबाईनेच शेवटी सांगितले, काल शाळेत व्यायाम झाला, त्यानं पाय धरलेत.

सर्जेराव मोठ्याने हसला. फावडे खांद्यावरून खाली घेऊन हसला.

"अर्ध्या तासात अकरा जणी आडव्या? बसून ऱ्हायलं की असंच व्हतं. म्हंजे डॉक्टरीणबाईचं काय खोटं न्हवतं."

तो गेला. बायका त्याच्या बोलण्यावर थोड्या हसल्या, थोड्या चिडल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या. विजयमालेचे खुरपे मात्र कांद्याच्या रोपावर पडले. तिने ते रोप पुन्हा मातीत दाबले आणि पुढे सरकली.

संध्याकाळी तिने गाईंच्या कासेला लावायच्या मलमाचा डबा घेतला आणि मोरीत बसून मांड्यांना ते चोळले. मलमाला कापराचा वास होता, तो घरभर गेला.

"गाईचं मलम लावतीस व्हय?" सर्जेराव आतून म्हणाला. "उद्या हंबरशील."

तिने डब्याचे झाकण घट्ट बसवले.

मंगळवारी दुखणे आणखी वाढले. वर्गाला कुणी गेले नाही. मैदान मोकळे बघून राजनंदिनी चौकशी करत विजयमालेच्या घरी आली. ओट्याच्या पायरीवरून पाठमोरी उतरणारी विजयमाला दिसली आणि तिचा चेहरा पडला.

"काकी, मी थांबा म्हणाले होते. दहाला म्हणाले, वीसला म्हणाले."

"म्हणालीस. पण तू कुठं थांबलीस?"

"मला वाटलं, तुम्हाला होतंय."

"आन् आमाला वाटलं, तू थांबत न्हायस तवर आमी कसं थांबायचं? पातीत बसलेली बाई बांध आल्याबिगर उठत न्हाय पोरी. तुझ्या मैदानाला बांधच न्हाय."

मग विजयमालेने तिला पात म्हणजे काय ते सांगितले. राजनंदिनीने ते ऐकून घेतले. लघवीचा रंग काळपट झालाय का, असे विचारले. नाही म्हटल्यावर तिच्या जिवात जीव आला. अति ताणाने स्नायू तुटले तर तसे होते, आणि झाले तर एक तासही न थांबता दवाखाना गाठायचा, असे तिने बजावले आणि बाकीच्या दहा जणींनाही सांगून यायचे कबूल केले.

"एक विचारते, खरं सांग," विजयमाला म्हणाली. "चाळीस वर्सं काम केलं, तरी पाय का धरले? आमी बसून खातो म्हणून?"

"छे हो काकी. तुम्ही रोज उकिडव्या बसता, तेव्हा टाचांवर टेकून बसता. अर्ध्यात लटकायचं काम तुमच्या मांड्यांनी कधी केलंच नव्हतं. नवीन काम असलं की कुणाचेही धरतात. पैलवानाला दिवसभर खुरपायला बसवा, दुसऱ्या दिवशी तोही असाच उतरेल पायऱ्या. दुखणं आळसाचं नसतं, नव्याचं असतं. दोन दिवसांत जाईल."

"हे त्या डॉक्टरीणबाईला लिवून देशील?"

"मी कोण त्यांना लिहून देणारी? तुम्हीच विचारा."

"विचारणारच हाय," विजयमाला म्हणाली.

गुरुवारपर्यंत निम्मे उतरले होते, तरी मोटारसायकलवर नेहमीसारखा पाय टाकून बसवेना. ती एका अंगाला बसून बारामतीला गेली. रक्त दिले, दोन तास थांबली, आणि नंबर लागल्यावर आत गेली. सर्जेराव शेजारच्या खुर्चीवर बसला. डॉक्टरीणबाईंनी नवीन अहवाल पाहिला. साखर आहे तिथेच आहे म्हणाल्या. मग व्यायाम सुरू केला का, विचारले.

विजयमालेने फाइल उघडून त्या ओळीवर बोट ठेवले.

"आधी हे सांगा बाई. हे तुमी लिवलं?"

डॉक्टरीणबाईंनी वाचले. "हे मी नाही लिहीत. बाहेर काउंटरला पहिल्या दिवशी भरतात. का, काय झालं?"

"तुमी हेच बघून म्हणालात, मला हालचाल न्हाय. मी चार गाईंचं करते. दिवसभर रानात खुरपते. हे चुकीचं हाय. हे खोडायचं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. तिच्या हातांकडे पाहिले. "खोडायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझीही चूक झाली, मी विचारायला हवं होतं. बाहेर सांगून दुरुस्त करून घ्या. पण साखर कागद बघून वाढत नाही, मावशी. काम कितीही असलं तरी भात कमी करायचा आणि जेवणानंतर वीस मिनिटं चालायचंच."

"चालंन की. चालायला मी कवा न्हाय म्हणाले? पण रिकामी हाय म्हणून न्हाय चालायची."

"कबूल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर काउंटरवर रेश्मा नावाची मुलगी कॉम्प्युटरवर बसली होती. विजयमालेने तिच्यापुढे फाइल ठेवली.

"पोरी, हे तू भरलंस?"

रेश्माने नाव बघितले. "हो काकी. तुम्ही आत रक्त द्यायला गेला होता ना, तेव्हा मी काकांना विचारलं. बायको काय करते? तर काका म्हणाले, काही करत नाही, घरीच असते. मग मी तसंच घातलं."

काउंटरजवळ पाच-सहा माणसे उभी होती. सर्जेराव भिंतीवरचे कॅलेंडर बघू लागला.

विजयमाला त्याच्याकडे वळली. आठ दिवस ती एका परक्या बाईवर चिडत होती. परकी म्हणून त्या रागाला निदान जागा तरी होती. तिला पेट्रोल पंपावर घाईने मिटलेली फाइल आठवली. कांद्याच्या बांधावरचे हसणे आठवले. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि ठाऊक असून तो हसला होता.

तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"परत इच्यार त्यांनाच," ती रेश्माला म्हणाली. "मी हितं उभी हाय."

"अगं, सगळी माणसं बघत्यात. घरी जाऊन बोलू," सर्जेराव म्हणाला.

"माणसांच्या म्होरंच सांगितलं हुतं. माणसांच्या म्होरंच बदलायचं. इच्यार पोरी."

रेश्माने घसा साफ केला. "काका, किती वाजता उठतात ह्या?"

"लवकर उठती."

"किती?"

सर्जेरावाला सांगता येईना. "पाच… पाचला असंल."

"साडेचार," विजयमाला म्हणाली. "त्यांनी कवा बघितलं न्हाय, त्यांची चूक न्हाय. फुडं."

"गाई किती?"

"चार."

"धारा कोण काढतं?"

"ती."

"वैरण, शेण?"

"ती. म्हंजे, मी बी असतो कधीमधी."

"कधी?" हा प्रश्न विजयमालेचा होता.

सर्जेराव विचार करत राहिला. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "आठवा की, आमाला बी घाई हाय," आणि दोघे-तिघे हसले. सर्जेरावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उसाला पाणी धरणे, ट्रॅक्टर आणणे, कारखान्याच्या फेऱ्या मारणे, हे सगळे तो करत असे, आणि ते खरेच होते. पण ते कुणी विचारत नव्हते.

"मग व्यवसाय काय लिहू काका?"

"शेती," तो म्हणाला. "शेती आन् दूध."

"दिनक्रम? बैठा, मध्यम की कष्टाचा? इथं तीनच आहेत."

सर्जेराव पुन्हा कॅलेंडरकडे वळला.

"सांगा," विजयमाला म्हणाली.

"कष्टाचा."

रेश्माने बटण दाबले. कागद छापून आला. विजयमालेने तो उभ्याने वाचला, जुना कागद मागून घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि काउंटरखालच्या टोपलीत टाकले.

कागद बदलला होता, पण तिचा राग काही उतरला नव्हता. उलट आता त्याला नीट जागा मिळाली होती.

संध्याकाळी पाच वाजता ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली. पाय लांब सोडले. गोठ्यात गाई हंबरू लागल्या. सर्जेराव आतून बाहेर आला, तिच्याकडे पाहिले, आत गेला, पुन्हा बाहेर आला.

"धारेची येळ झाली."

"व्हय."

"मग?"

"मी काय करत न्हाय. घरीच असते."

"अगं, बदललं की आता कागदावर."

"आठ दिस हुतं ना तसं कागदावर? मग एक दिस मला तसं बसू दे. बघू कसं वाटतं."

तो उभा राहिला. डेअरीची गाडी साडेसहाला यायची. गाईंचा आवाज वाढला. शेवटी त्याने बादली उचलली. विजयमाला बसल्या जागेवरून सगळे बघत होती. पहिल्या गाईने त्याच्यावर लाथ उगारली. तिला हात ओळखीचा नव्हता. त्याला टाचा टेकवून बसता येईना, म्हणून तो चवड्यांवर अर्धवट तोलत बसला. नेमके अर्ध्यात लटकून. चार गाई होईपर्यंत तो अकरा वेळा उठला आणि बसला. विजयमालेने मोजले. गाडी आली तेव्हा चौथी गाय अजून व्हायची होती. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

शुक्रवारी सकाळी त्यालाच उठावे लागले. ती जागी होती, पण पांघरूण काढले नाही. शेण, कुट्टी, धारा. दुपारी ती रानात गेली नाही, चंद्राबाईकडे बसायला गेली. संध्याकाळी पुन्हा धारा त्याच्याच. ती भिंतीला टेकून बसली आणि संसाराच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदाच दिवस मावळताना तिला मोकळ्या हाताने बघायला मिळाला. तिला बरे वाटले. आणि बरे वाटले म्हणून तिला नव्याने राग आला.

शनिवारी ती साडेचारला उठली. तिच्या मांड्या मोकळ्या झाल्या होत्या. तिने शेण काढले, वैरण टाकली, चारही धारा काढल्या. गाईंनी एकदाही पाय हलवला नाही. कॅन गाडीवर गेला. खुरपे कमरेला खोचून ती रानाकडे निघणार, तेवढ्यात आतून सर्जेराव आला. भिंतीला धरून आला. ओट्याच्या पायरीशी थांबला, एक पाऊल खाली टाकून पाहिले, मागे घेतले. मग तो सावकाश पाठमोरा झाला आणि चौकटीला धरून उतरू लागला.

विजयमाला उभी राहून बघत होती. तो दुसऱ्या पायरीवर आल्यावर तिने विचारले, "काय झालं?"

"काय न्हाय," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"बसून बसून व्हतं तसं."

खाली उतरून, मांड्यांवर हात ठेवून तो उभा राहिला आणि इकडे तिकडे बघू लागला. तो काय शोधतोय ते तिला कळले.

"मलम गोठ्यात हाय," ती म्हणाली. "दावणीखाली ठेवलंय. खाली बसून काढावं लागंल."

आणि ती कांद्याच्या रानाकडे निघाली. बांधावर दहा जणी येऊन उभ्या होत्या, आणि पहिली पात मोकळी होती.